दळणाच्या फेरीला कॉलम नाही

मी ट्रॅफिक मॉडेलिंगचं काम करते असं कुणाला सांगितलं की पुण्यातला माणूस आधी दोन सेकंद नुसता बघतो आणि मग थेट त्याच्या चौकाची तक्रार सुरू करतो, जणू तो चौक मीच घरी बसून काढलाय. लग्नात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सुद्धा. तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू की हे मॉडेल म्हणजे असतं काय, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की कुठेतरी एक मोठा कॉम्प्युटर आहे, त्यात शहर घातलं की खालून पूल बाहेर पडतो. तसं नाहीये. म्हणजे कॉम्प्युटर आहे, पण इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय की सॉफ्टवेअर, गणित, रंगीत नकाशे हे सगळं नंतरचं, अर्धाअधिक निकाल त्या आधीच लागलेला असतो, तो सर्व्हेच्या फॉर्मवर. फॉर्मवर ज्याला जागा नाही तो माणूस पुढे कुठेच येत नाही, ना मॉडेलमध्ये ना रस्त्याच्या डिझाइनमध्ये.

आधी थोडक्यात ढाचा सांगते. शहराचे तुकडे पाडायचे, त्यांना झोन म्हणतात. मग चार प्रश्न: प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतात, त्या कुठल्या झोनला जातात, कशाने जातात आणि कुठल्या रस्त्याने जातात. झालं, एवढंच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच काढतात, म्हणजे हिंजवडीत नोकऱ्या ढीगभर म्हणून तिची ओढ जास्त, पण तुम्ही हडपसरला राहत असाल तर अंतरामुळे ती ओढ कमी (प्रत्यक्षात हडपसरहून हिंजवडीला रोज जाणारे बिचारे खूप आहेत, त्यांना न्यूटन माहीत नसावा). ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून तयार झाली, आणि तेव्हा त्या लोकांपुढचा प्रश्न साधा होता, गाड्या वाढतायत तर हायवे कुठे बांधायचे? त्या प्रश्नासाठी केलेलं हत्यार आपण आज कोथरूड, डोंबिवली, नाशिक सगळीकडे चालवतो. चालतंही ते, पण हत्याराला त्याची जन्मजात सवय असते ना.

आता फॉर्मकडे येऊ.

घरोघरी जाऊन करायचा सर्व्हे हा यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग. सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही, सोडलं तर सेक्रेटरी येतो, सेक्रेटरी म्हणतो लेटर दाखवा, लेटर दाखवलं की म्हणतो हे तर झेरॉक्स आहे. एवढ्यातून पार पडून सर्व्हेवाली पोरं दारात उभी राहतात आणि विचारतात, काल घरातलं कोण कोण कुठे कुठे गेलं. एकदा कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत मी पोरांबरोबर होते, फॉर्म नीट भरतायत का बघायला. काका छान बोलके होते, स्वतःचं पटापट सांगितलं, सकाळी सव्वानऊला स्कूटरवरून ऑफिस, संध्याकाळी सातला परत. मग पोराने विचारलं, "आणि काकू?" तर काका म्हणाले, "ही? ही घरीच असते." आतून आवाज आला, "अहो, घरीच असते होय मी? मग दळण काय पायाने चालत येतं?"

आणि मग काकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी जी यादी सांगितली ती लिहिता लिहिता पोराचा हात दुखला. नातवाला व्हॅनपर्यंत सोडणं, तिथूनच पुढे सासूबाईंची औषधं, येताना भाजी, मग सासूबाईंना रिक्षाने फिजिओथेरपीला नेणं, परत आणणं, दुपारी गिरणीत डबा टाकणं, संध्याकाळी नातवाला क्लासला सोडणं, तो क्लास सुटेपर्यंत बँकेच्या एटीएममध्ये आणि मग डबा घेऊन नातवाला घेऊन घरी. काकांच्या दोन फेऱ्या, काकूंच्या मोजता मोजता डझनाच्या घरात. तरी नकाशावर बघाल तर काकांची रेघ लांबच लांब आणि काकूंची सगळी गुंतवळ एका किलोमीटरच्या आत.

आता गंमत बघा. फॉर्ममध्ये फेरीच्या कारणाला कोड असतात. घर ते काम, घर ते शिक्षण, घर ते इतर, आणि जी घरातून निघत नाही आणि घरी संपत नाही ती वेगळी. काकांना स्वतःचा स्वच्छ कोड मिळाला. काकूंचं सगळं आयुष्य 'इतर' मध्ये. आणि त्यातही कित्येक सर्व्हेंमध्ये पाचशे मीटरच्या आतली पायी फेरी लिहायचीच नाही अशी सूचना असते, कारण ती 'रस्त्यावर लोड टाकत नाही'. म्हणजे गिरणी गेली, भाजी गेली, व्हॅन गेली. उरली फिजिओथेरपीची रिक्षा, ती पण अकराला, आणि मॉडेल आपण बनवतो सकाळच्या आणि संध्याकाळच्या पिक अवरचं! झाल्या काकू गायब.

आणि हे एका घरापुरतं राहत नाही. शहरातल्या सगळ्या घरांत जाणं शक्यच नसतं, शंभरातल्या एक-दोन घरांत जातात आणि मग प्रत्येक फॉर्मला पन्नास किंवा शंभरने गुणतात. म्हणजे काका म्हणाले 'घरीच असते' आणि पोराने ते तसंच लिहून घेतलं की त्या झोनमधल्या शंभर बायका एका फटक्यात घरी बसल्या. पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर वापरा, त्या परत बाहेर पडत नाहीत.

मुंबईत हे नीट केलं तेव्हा चित्र काय दिसलं माहितीये? 2008 साली पूर्ण झालेल्या एमएमआरडीएच्या मोठ्या वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्या धरल्या तर निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत्या. निम्म्याहून जास्त! आणि उरलेल्या, म्हणजे गाडीघोड्यावरच्या फेऱ्यांमध्ये, लोकल आणि बस मिळून तीन चतुर्थांशाच्या वर, स्वतःच्या कारवाल्यांचा वाटा अगदी किरकोळ. आता त्यानंतर मुंबईत किती फ्लायओव्हर, फ्रीवे, सी-लिंक झाले आणि किती फूटपाथ झाले ते तुम्हीच मोजा, मला बीपी आहे.

बरं, घरोघरीचं झालं, आता चौकात या. चौकात गाड्या मोजतात. पूर्वी पोरं स्टूल टाकून बसायची, हातात फळीला लावलेला कागद, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आता कॅमेरा लावतात आणि नंतर एसीत बसून व्हिडिओ बघून मोजतात, काही ठिकाणी तेही सॉफ्टवेअरच करतं आणि मग तीन माणसं बसलेली बुलेट आणि कडब्याने भरलेला छोटा टेम्पो बघून गोंधळून जातं. मोजून झालं की कार, रिक्षा, बस, सायकल या सगळ्यांची बेरीज करायची तर एकच माप हवं, नाहीतर आंबे आणि नारळ एकत्र कसे मोजणार. त्या मापाला पीसीयू म्हणतात, एक कार म्हणजे एक पीसीयू.

इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, 1990 चं शहरी रस्त्यांसाठीचं कोष्टक आहे, ते अजूनही सर्रास वापरतात, 2017 च्या सुमारास सीआरआरआयने (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था) आपल्या रस्त्यांसाठी नवीन मॅन्युअल काढलं तरी. त्या जुन्या कोष्टकात टू-व्हीलर 0.5, आणि तिचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की 0.75. (दहा टक्के! पुण्यात दहा टक्के टू-व्हीलर असलेला रस्ता दाखवा आणि बक्षीस मिळवा.) रिक्षा 1.2 ते 2. बस आणि ट्रक 2.2 ते 3.7. सायकल 0.4 ते 0.5. टांगा आहे. हातगाडी तर 2 ते 3, म्हणजे केळीवाला दोन-तीन कारइतका रस्ता अडवतो.

गणित म्हणून यात चूक काहीच नाही, कारण मोजायचं आहे ते हे की रस्त्याची किती जागा खाल्ली. पण जरा माणसं घालून बघा. बस 3.7 पीसीयू, आत पन्नास माणसं. कार 1 पीसीयू, आत सरासरी दीड माणूस धरू. म्हणजे कारमधला माणूस बसमधल्या माणसाच्या नऊपट जागा घेतो. पण रिपोर्टच्या टेबलात हे कुठेच दिसत नाही, तिथे दिसतं ते एवढंच की बस हा 3.7 चा धोंडा आहे आणि कार बापडी 1. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, बसस्टॉप जरा मागे घ्या, टर्निंगला अडथळा होतो. आणि बसस्टॉप मागे जातो. मी हे एका शहरात, नाव नको, अगदी डोळ्यांदेखत होताना पाहिलंय, स्टॉप चौकापासून इतका लांब नेला की बदली बस पकडायला लोक रस्त्याच्या मधून धावायला लागले आणि मग सहा महिन्यांनी तक्रार आली की पादचारी शिस्त पाळत नाहीत.

आणि पायी चालणाऱ्याचं पीसीयू किती? त्या कोष्टकात तो नाहीच. त्याच्यासाठी वेगळं पुस्तक, वेगळं सूत्र. झेब्रा क्रॉसिंग कुठे द्यायचं याचा एक नियम आहे, तासाला ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग, हे उत्तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या वर गेलं पाहिजे, दुभाजक असेल तर वीस कोटी. म्हणजे तासाला हजार गाड्या असतील तर निदान शंभर माणसं ओलांडताना दिसली पाहिजेत. ऐकायला ठीक वाटतं. पण नीट विचार करा, यात मोजली जाते ती ओलांडणारी माणसं. ज्या आजी पलीकडच्या देवळात जायच्या बंद झाल्या कारण गाड्या थांबत नाहीत, त्या या सूत्रात नाहीत. रस्ता जितका भीतीदायक तितके ओलांडणारे कमी, आणि ओलांडणारे कमी म्हणजे क्रॉसिंगची गरज नाही. कागदोपत्री एकदम चोख. नदीवर पूल हवा का हे ठरवायला किती माणसं पोहून जातात ते मोजावं, तसलाच प्रकार.

बसचंही तेच. अर्धा तास थांबून वैतागून ज्याने हप्त्यावर ॲक्टिव्हा घेतली तो सर्व्हेत 'टू-व्हीलर वापरणारा' म्हणून येतो, बसने जाऊ इच्छिणारा म्हणून नाही.

तिसऱ्या टप्प्याबद्दल, म्हणजे कशाने जातात याबद्दल, थोडं चांगलंही बोलते, नाहीतर वाटेल मी स्वतःच्याच धंद्याला शिव्या घालतीये. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू व्हायच्या आधी अधिकृत अंदाज होता की 15 टक्के लोक ती वापरतील. डॅनियल मॅकफॅडन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने झोनच्या सरासऱ्या बाजूला ठेवून एकेका माणसाला विचारलं, तू आत्ता कसा जातोस, किती वेळ थांबतोस, किती पैसे जातात, आणि त्यावरून म्हणाला 6.3 टक्के. प्रत्यक्षात आले 6.2. त्याला 2000 साली नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी. म्हणजे मॉडेल बरोबर येऊ शकतं, माणसाला माणूस म्हणून विचारलं तर. आणि या पद्धतीतून एक गोष्ट जवळपास सगळीकडे दिसते ती ही की स्टॉपवर उभं राहायचं एक मिनिट बसमध्ये बसलेल्या मिनिटापेक्षा दीड-दोन पट जड असतं. आपल्या स्टॉपवर छप्पर नसेल, दिवा नसेल आणि बाजूला पानटपरीवर टोळकं असेल तर बाईसाठी ते किती पट होतं? तो प्रश्न बहुतेक फॉर्मवर नसतो.

आता भविष्याचा खेळ. प्रत्येक प्रकल्पात वीस-तीस वर्षांनंतरचं चित्र काढावं लागतं आणि त्यासाठी वाढीचा दर धरावा लागतो. पाच टक्के धरला तर ट्रॅफिक चौदा वर्षांत दुप्पट, सात धरला तर दहाच वर्षांत. पाच की सात, हे दोन माणसं चहा पिता पिता ठरवू शकतात, आणि पूल चार पदरी की सहा पदरी हे त्यावर. मग 'काहीच केलं नाही तर' असा एक नकाशा काढतात, तो कायम लालभडक असतो. असणारच! कारण त्यात धरलेलं असतं की रस्ता भरून वाहिला तरी लोक गाड्या घेत राहतील, घर बदलणार नाहीत, वेळ बदलणार नाहीत, काही नाही, मुकाट्याने कोंडीत येऊन बसतील. आणि शेजारी 'पूल बांधला तर' हा हिरवा नकाशा, त्यात धरलेलं असतं की मोकळा रस्ता बघून एकही जादा माणूस गाडी काढणार नाही. खरं तर दोन्हीकडे उलटं होतं.

रस्ता निवडीचं तत्त्व मात्र मला फार आवडतं, वॉर्ड्रॉप नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1952 मध्ये मांडलं. त्याचा मराठीत अर्थ असा की सगळे रस्ते सारखेच वैतागवाणे होईपर्यंत लोक रस्ते बदलत राहतात. पुणेकराला हे वेगळं शिकवायला लागत नाही, कर्वे रोड तुंबला की प्रभात रोडच्या गल्ल्या, त्या तुंबल्या की लॉ कॉलेज रोड, आणि शेवटी सगळीकडे तेवढाच वेळ लागतो, फक्त आपण हुशारी केली याचं समाधान. नळ स्टॉपचा दुमजली पूल 2022 मध्ये सुरू झाला तेव्हाही हेच, चौकातली गर्दी उचलून पुलाच्या टोकांना नेऊन ठेवली.

मॉडेलमध्ये हे असं सहज दिसत नाही, त्यालाही कारण आहे. गर्दी वाढली की वेळ किती वाढतो याचं जे सूत्र जगभर वापरतात ते 1964 सालचं अमेरिकन आहे. त्यात रस्ता पूर्ण भरला तर वेळ 15 टक्क्यांनी वाढतो, आणि क्षमतेच्या दीडपट गाड्या घातल्या तर साधारण 76 टक्क्यांनी. पण क्षमतेच्या दीडपट गाड्या रस्त्यावरून जातीलच कशा? क्षमता म्हणजे जास्तीत जास्त जातात त्या! कागदावर मात्र त्या जातात, मागच्या चौकात रांग लागत नाही, रांगेने तिसरा चौक अडत नाही. रांगा बघायच्या तर एकेक गाडी हलवणारं दुसरं सॉफ्टवेअर लागतं, ते जर्मनीत बनलेलं, म्हणून तिथे ड्रायव्हरची वागणूकही जर्मन. लेन सोडत नाही, अंतर ठेवतो. त्याला आपल्यासारखं वागायला शिकवायचं म्हणजे एकाच लेनमध्ये ओव्हरटेक करू द्यायचं, आजूबाजूचं अंतर कमी करायचं, सिग्नलला टू-व्हीलरना फटीफटीतून पुढे सोडायचं. मी यावर बराच वेळ घालवते आणि मला त्यात मजाही येते. पण मीटिंगमध्ये त्याची थ्रीडी फिल्म लावली की संपलं, छोट्या छोट्या गाड्या पुलावरून पळताना बघून सगळे खूश, मग आकडे कुणी विचारत नाही. विचारलेच तर आपण म्हणायचं 'जीईएच पाचच्या खाली आहे' आणि सगळे माना डोलावतात. मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा किती जुळतो ते बघायचं माप आहे ते. जीईएच म्हणजे काहीतरी भारी शास्त्रीय असेल असं वाटतं ना? जेफ्री ई. हॅव्हर्स, लंडनमधल्या एका प्लॅनरच्या नावाची अक्षरं आहेत, बास.

आणि अंदाज चुकतातच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते एकाच बाजूला चुकतात याची लाज वाटली पाहिजे. बेंट फ्लिव्हबर्ग आणि मंडळींनी 2005 मध्ये 14 देशांतले 210 प्रकल्प तपासले तर रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासी फुगवून सांगितले होते, सरासरी बघितली तर सांगितल्याच्या निम्मेच आले. आपल्याकडचं ताजं उदाहरण अटल सेतू. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन, 21.8 किलोमीटर, इंजिनिअरिंग म्हणाल तर कडक, मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीला नाक लावून बसले होते. दिवसाला 70 हजार गाड्यांची भाषा होती, पहिल्या वर्षात गेल्या साधारण 83 लाख, म्हणजे दिवसाला 22-23 हजार. कारण शोधायला लांब जायला नको, तेव्हा कारला एका बाजूचा टोल 250, जाऊन येऊनचा एकत्र काढला तर 375, आणि पलीकडे ज्या विमानतळाच्या आणि नव्या वस्तीच्या भरवशावर गाड्या धरल्या होत्या ते तेव्हा व्हायचंच होतं. वेळ वाचतो, मान्य, पण रोज जाऊन येऊन पावणेचारशे रुपयांचा वेळ वाचतोय असं वाटणारी माणसं किती? हा प्रश्न मॉडेलमध्ये असतो, 'वेळेची किंमत' म्हणून एक आकडा भरावा लागतो, आणि तो कुणाच्या पगारावरून भरला यावर गाड्या वाढतात किंवा आटतात.

धोरणात सगळं लिहिलेलं आहे बरं का. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्या. आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणात ते वाक्य असतं. चौथ्या प्रकरणापासून पीसीयू सुरू होतात.

करता येण्यासारखं आहे, अगदी रॉकेट सायन्स नाहीये. चौकाच्या टेबलात पीसीयूच्या शेजारी माणसांचा एक रकाना. छोट्या पायी फेऱ्या गाळायच्या नाहीत. 'इतर' फोडायचं, त्यात पोहोचवणं-आणणं, आजारपण, सामानसुमान असे वेगळे कोड. दुपारचं मॉडेल. आणि क्रॉसिंगच्या जागी ओलांडणाऱ्यांबरोबर आसपास शाळा, देऊळ, दवाखाना, मंडई काय आहे ते बघणं. यातलं थोडंफार मी आता आमच्या फॉर्ममध्ये घुसवायला लागलीये, क्लायंट म्हणतो फॉर्म लांबतोय, खर्च वाढतोय, मी म्हणते पुलाच्या एका खांबाच्या पैशात सगळा सर्व्हे होईल, मग तो गप्प बसतो किंवा विषय बदलतो.

तुमच्याकडून एकच पाहिजे. दारात आयकार्ड लावलेलं सर्व्हेवालं पोर आलं, हातात टॅब असेल आजकाल, तर वॉचमनला सांगून त्याला वर येऊ द्या, उन्हातून आलेलं असतं, पाणी विचारा. आणि घरातल्या सगळ्यांचं एकट्या बाबांनी सांगू नका, ज्याचं त्याला सांगू द्या, कामवाल्या मावशी असतील तर त्या कशा येतात तेही त्याला विचारायला लावा. पंधरा मिनिटं जातील. काकूंना आधी बोलवा, त्यांनाच जास्त वेळ लागतो.